लेबलं उतरवली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना कटर. कात्रीसारख्या बोटं घालायच्या कड्या मला नाहीत. पोलादाची एकच पट्टी मधोमध वाकवली, दोन्ही टोकांना धार लावली, की झालो मी. मुठीत मावतो. शिवलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायचे, एवढंच माझं आयुष्य.

अकरा वर्षांपूर्वी साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी शकुताईंच्या हाती आलो. तिथे अमेरिकेला जाणारे शर्ट शिवत. शकुताई मूळच्या परभणीकडच्या. हात चालू असला की ओठही चालत:

शर्ट निघाला निघाला, दर्यापल्याड त्याचं गाव,
घालणाऱ्याला ठावं न्हाई माझ्या हाताचं गं नाव.

"शकुताईचा पीस मी तपासतच नाही," असं सुपरवायझर रतन म्हणायचा. तेव्हा छाती माझीच फुगायची. पुढे माझी धार गेली. नवा कटर आला, आणि मी कोपऱ्यातल्या डब्यात, तुटक्या सुयांच्या सोबतीला जाऊन पडलो.

मग तो ऑगस्ट आला. नाताळसाठीचे शर्ट तयार होते. तेवढ्यात अमेरिकेने आपल्या मालावरचा कर एकदम दुप्पट केला. आपल्या देशाने तेल कुणाकडून घ्यावं, यावरून म्हणे बिनसलं होतं. तिकडच्या दुकानदाराने सगळी ऑर्डर रद्द केली.

"तेल घेतलं कुणी गं?" शकुताईंनी विचारलं.

"मी नाही बाई," शेजारची चेतना म्हणाली. "माझी तर पिशवी परवाच संपली."

दोघी हसल्या. रतन मात्र हसला नाही. "शर्ट आता इथेच फुटपाथवर विकायचेत. तिकडच्या दुकानाचं नाव चालणार नाही. सगळी लेबलं काढा." मग खाली बघत म्हणाला, "लेबलं संपेपर्यंत रोजची मजुरी मिळेल, मग धागा कटिंग बंद, ताई. शेठने सांगितलंय."

शकुताई उठल्या, कोपऱ्यातल्या डब्यात हात घालून त्यांनी मला बाहेर काढलं.

"धार लावून आणू?" रतनने विचारलं.

"नको रे. असाच बरा आहे."

नवा कटर एका झटक्यात लेबल काढायचा. मला चार-पाच लागत.

"काय गं, ह्या भंगाराने दिवाळी उजाडेल!" चेतना म्हणाली.

"उजाडू दे ना."

चेतनाने आपला धारदार कटर बाजूला ठेवला आणि डब्यातून माझ्यासारखाच एक बोथट कटर काढला. रतनने सगळं पाहिलं, आणि पाठ फिरवून उगाच पंख्याचं बटण चाचपत राहिला.

तीन दिवसांचं काम आठ दिवस पुरलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोथटपण कुणाच्या कामी आलं होतं. पण ढीग कमी व्हायचा तो झालाच. शेवटच्या शर्टाच्या कॉलरपाशी शकुताई थांबल्या. मी मनात म्हटलं, आत्ताच्या आत्ता गंज चढू दे मला, काही म्हणता काही कापायला नको. चौथ्या झटक्याला टाका तुटला.

शकुताईंनी शर्ट झटकला. बाहीवर एक धागा लोंबत होता, तो दातांनी तोडला. नीट घडी घातली आणि पिशवी खांद्याला लावली.

मित्रांनो, मोठ्या देशांचं भांडण मला समजत नाही. सही करणाऱ्याला साकीनाका कुठे ठाऊक असणार? पण तुम्ही फुटपाथवर शर्ट घ्याल, तेव्हा कॉलर आतून उलटून बघा. बारीक भोकांची रांग दिसली, तर खराब माल म्हणून भिरकावू नका. कामाचा आणखी एक दिवस मिळावा म्हणून तिथे कुणीतरी फार हळू हात चालवलाय. तो शर्ट जपून वापरा.