सगळीकडं बहात्तर पॉइंट चार

गजालाच्या सहा वर्षांचा निकाल एका रकान्यात लागला. आणि तो रकाना मागितला होता अशा माणसानं, ज्याला बाकीचा प्रबंध उघडूनही बघायचा नव्हता.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या समितीपुढं तिचं शेवटचं सादरीकरण झालं. बाहेरून आलेले एक म्हातारे प्राध्यापक अर्धा वेळ डुलक्या घेत होते. चहा आला तसे जागे झाले आणि म्हणाले, "पडद्यात एकेका रेणूला किती जागा मिळते, त्याचा एक तक्ता टाका. असतो तो अशा प्रबंधात." तिचे मार्गदर्शक गवारे सर, त्यांनी मान हलवली. गजालानं लिहून घेतलं. तक्ता म्हणजे एका दुपारचं काम.

तिचं काम काय होतं ते आधी सांगतो. जंतूच्या अंगाभोवती चरबीच्या रेणूंचा पातळ, दोन पदरी पडदा असतो. बेडकाच्या कातडीत सापडणारं एक छोटं प्रथिन त्या पडद्याला भोक पाडतं आणि जंतू मरतो, हा गवारे सरांच्या लॅबचा शोध. लॅब म्हणजे बाटल्या-नळ्या नाहीत. एक खोली, चार कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात पिठाच्या गिरणीसारखा घुमणारा सर्व्हर. पडदा, पाणी, प्रथिन सगळं आकड्यांचं. एका न दिसणाऱ्या डब्यात ते भरायचं, उष्णता किती अंश, दाब किती बार आणि तो कसा सांभाळायचा हे एका फाईलीत लिहून द्यायचं, आणि सोडून द्यायचं. सव्वीस दिवस यंत्र रेणू हलवत बसतं. मग बघायचं, भोक पडलं का. गजालानं त्या प्रथिनाचे दहा प्रकार तपासले होते. दहाही वेळा भोक पडलं. अकरावा डबा नुसत्या पडद्याचा, प्रथिनाशिवाय, तुलनेसाठी.

ती फाईल हे त्या लॅबचं दैवत. बारा वर्षांपूर्वी सरांनी हैदराबादच्या एका कार्यशाळेतून पेन ड्राइव्हवर आणलेली. खंडेनवमीला लोक कोयते, मशीनी, गाड्या पुसून पुजतात. गवारे सर सर्व्हर पुजायचे, आणि त्याच्यापुढं त्या फाईलीचा एक पानाचा प्रिंट ठेवून त्यावर हळदी-कुंकू वाहायचे. नवा विद्यार्थी आला की पूजेनंतर ते पान त्याच्या हातात आणि फाईल त्याच्या खात्यात. "यातलं अक्षर हलवायचं नाय. फक्त आपल्या रेणूचं नाव घालायचं." गजालाला ते पान सहा वर्षांपूर्वी मिळालं, पेढ्यासकट. तिनं ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं.

तर त्या दुपारी तिनं तक्ता काढला. पहिल्या डब्यात एका रेणूच्या वाट्याची जागा बहात्तर पॉइंट चार. दुसऱ्यात बहात्तर पॉइंट चार. तिसऱ्यात तेवढीच. अकरावा डबा, ज्यात प्रथिनच नव्हतं, त्यातही बहात्तर पॉइंट चार. तिला आधी वाटलं आपणच एक आकडा अकरा वेळा चिकटवला. पुन्हा मोजलं. तेच. मग तिनं एका डब्याचा सव्वीस दिवसांचा आलेख काढला. रेघ सरळ. पट्टीनं ओढावी तशी.

ह्या पडद्यात एका रेणूला मिळणारी जागा जगभर मोजलेली आहे, चौसष्टच्या आसपास. आणि जिवंत पडदा श्वास घेतल्यासारखा हलतो. हा हललाच नव्हता.

तिनं पिशवीतलं पान काढलं. दाबाचं कलम तीन ओळींचं. दाब कोणत्या पद्धतीनं सांभाळायचा, किती घाईनं, आणि कोणत्या बाजूंनी. तिसऱ्या ओळीवर कुंकवाचा डाग होता. डागाखाली लिहिलं होतं, आयसोट्रॉपिक. म्हणजे डबा आखडायचा तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकाच प्रमाणात. नुसतं प्रथिन पाण्यात तरंगत असेल तर हे बरोबर, आणि हैदराबादची फाईल तशाच कामाची होती. पण पडदा म्हणजे डब्यात आडवा ताणून बसवलेला कपडा. त्याला आडवं आखडू द्यायचं तर डब्याला उभं वाढता आलं पाहिजे. दोन दिशांना वेगवेगळी मोकळीक. ती नसेल तर आतलं पाणी दबत नाही, म्हणून डबा हलत नाही, म्हणून पडदा पहिल्या दिवशी जेवढा ताणला तेवढाच ताणलेला राहतो. इतक्या ताणलेल्या कपड्याला टाचणी टेकवली तरी भोक पडतं. त्याला बेडूक लागत नाही.

सहा वर्षं ती टाचणीचं कौतुक करत बसली होती.

प्रबंध द्यायची मुदत तीस सप्टेंबर. मुदतवाढ एकदा घेऊन झालेली, दुसरी मिळत नाही. अकरा डबे पुन्हा चालवायचे तर साडेनऊ महिने. हातात पाच आठवडे. एकच डबा होत होता.

पहिल्या ओळीतली पद्धतही जुनाट होती आणि दुसरीतली घाई तिच्याच मापाची, तिला माहीत होतं. त्या पद्धतीत दाबाचा आकडा झटकन गोड दिसतो आणि खरी चलबिचल दबून जाते. बदलायची तर तिन्ही ओळी बदलायला हव्या होत्या. पण तिन्ही बदलल्या असत्या तर सर म्हणाले असते, तू सगळंच बदललंस, आता काय कशामुळं झालं? म्हणून तिनं दात-ओठ खाऊन दोन चुकीच्या ओळी तशाच ठेवल्या आणि फक्त तिसरी बदलली. आडवं वेगळं, उभं वेगळं. आपल्या सगळ्यात चांगल्या प्रथिनाचा डबा तिनं भोक पडलेल्या अवस्थेतूनच पुढं लावला, ज्याचं चित्र लॅबच्या भिंतीवर फ्रेममध्ये होतं, स्थानिक पेपरातल्या कात्रणासकट.

पहिल्याच दिवशी पडदा आखडायला लागला. अडुसष्ट, सहासष्ट, चौसष्ट. चौथ्या दिवशी भोक मिटलं. नवव्या दिवशी प्रथिन पडद्यातून सुटून पाण्यात फिरायला लागलं, मालकानं हाकललेल्या गड्यासारखं. उरलेले सतरा दिवस ते पडद्याकडं फिरकलंसुद्धा नाही.

तिनं मंजुषाताईला फोन लावला. मंजुषाताई तिची सिनियर, त्याच फाईलीवर पीएचडी होऊन नाशिकला कॉलेजात कायम झालेली.

"ताई, तिसरी ओळ," गजाला म्हणाली.

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग मंजुषाताई म्हणाली, "मला माहीत व्हतं गं."

"कधीपास्नं?"

"शेवटच्या वर्षी कळलं. मी बदलून बघितलं, भोक मिटलं. परत पहिल्यासारखं करून टाकलं. काय करू मग? लेकरू पोटात, सासरचे म्हणायचे किती दिवस शिकते."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं की. फाईलीत त्या ओळीच्या वर मी टीप टाकली होती. पडद्यासाठी ही ओळ चालत नाही, तपासा. तू वाचली नाहीस?"

गजालाला आठवलं. पहिलं वर्ष, खंडेनवमीची सकाळ. सर म्हणाले होते, "प्रिंट दोन पानांवर जातंय. टीपा-बिपा सगळ्या काढ, पूजेला एकच पान पाहिजे." तिनं काढल्या. न वाचता, एकगठ्ठा. वर अक्षर थोडं मोठं केलं, सुबक दिसावं म्हणून. सर म्हणाले होते, पोरीच्या हाताला वळण आहे.

"गजाला? हायेस ना?"

"हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या केबिनमध्ये गेली. गवारे सरांनी नऊ वर्षांत स्वतः एक डबा चालवला नव्हता. समित्या चालवत होते. माणूस वाईट नव्हता. मुसलमानाची पोरगी घेता म्हणून विभागात कुणी टोमणा मारला तेव्हा त्याला सगळ्यांदेखत गप्प केलं होतं त्यांनी. म्हणून तर हे जास्त वाईट होतं. वाईट माणसाशी भांडता येतं.

त्यांनी दोन्ही आलेख बघितले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दाब सरासरी किती येतोय जुन्या डब्यात?"

"एक बार, सर."

"किती पाहिजे?"

"एक बार."

"मग झालं की."

"सर, सरासरी बरोबर येते. पडदा चुकीचा आहे. भोक आपण पाडलंय, प्रथिनानं नाही."

सर उठून खिडकीपाशी गेले. बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटीला किक मारत होतं.

"तीन पेपर हायेत ह्याच्यावर," ते म्हणाले. "मंजुषाची डिग्री हाय. माझं प्रमोशन हाय. ते परत करायचं कुणाला, सांग. जूनमध्ये मी रिटायर. तुला दुसरा गाईड घ्यायचा तर नोंदणी नव्यानं, सहा वर्षं नव्यानं. तू बत्तीसची. अडतीसची होशील."

"खरं काय ते प्रबंधात लिहू का, सर? एक परिच्छेद. मर्यादा म्हणून."

"लिही," सर म्हणाले.

तिनं लिहिलं. साधं लिहिलं, कुणाचं नाव न घेता. दोन दिवसांनी प्रत परत आली. परिच्छेदावर लाल पेनाची तिरकी रेघ आणि समासात सरांचं बारीक अक्षर, *अनावश्यक*. रागाची रेघ नव्हती ती. उत्तरपत्रिकेतलं कोरं पान खोडतात तशी होती.

हर्सूलला घरी अम्मी, फहमिदा, दळण चाळत बसली होती. "हुआ क्या तेरा?" तिनं विचारलं. गजाला म्हणाली, होतंय. "छे साल से हो रहा," अम्मी म्हणाली आणि चाळणी आपटली. "तेरे अब्बा पूरे मोहल्ले में बोल के बैठे, डॉक्टर होने वाली. अब नक्को बोली तो मैं मुँह किधर छुपाऊँ?" गजाला पाणी प्यायली. चौसष्ट आणि बहात्तर ह्यातला फरक ती त्या घरात कुणाला सांगणार होती? आणि घर सोडा, गावात तरी कुणाला? तीन पेपर छापून आले, एकानंही कधी विचारलं नाही की बाई, तुझा पडदा केवढा. तपासणारे म्हणवणाऱ्यांनी दाबाची ओळ वाचली, एक बार दिसला, पुढं गेले. पुढं जाणं हीच ह्या लोकांची हुशारी.

पंचवीस तारखेला तिनं प्रबंध दिला. परिच्छेद नव्हता. म्हाताऱ्यांनी मागितलेला तक्ता होता. अकरा ओळी, सगळीकडं बहात्तर पॉइंट चार. तिला वाटलं, तो माणूस बघेल. बघून फोन करेल. नापास करेल. तिच्या मनात तेवढी एकच आशा उरली होती, की कुणीतरी आपल्याला पकडेल. आठवड्यात शेरा आला. तक्ता समाविष्ट केल्याबद्दल समाधान. आकड्यांत उत्तम सातत्य.

तरी एक गोष्ट तिनं चालू ठेवली होती. सर्व्हरवर दुसरा डबा, ह्या वेळी तिन्ही ओळी बरोबर. कुणाला न सांगता. एकेक करून अकराही चालवीन, कुठंतरी छापीन, माझ्या नावावर माझीच चूक. असं तिनं ठरवलं होतं.

खंडेनवमीला सरांनी सर्व्हर पुसून घेतला, झेंडू लावला. नवी विद्यार्थिनी आली होती, अपेक्षा. छत्तीस वर्षांची, गंगापूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी, घरी दोन मुलं, सकाळची जीप पकडून आलेली. पान तिला गजालाच्या हातून मिळायचं होतं. गजालानं दोन पानं आणली. एक पूजेचं. दुसरं तिचं, बदललेलं, वर मंजुषाताईचीच टीप पुन्हा लिहिलेली.

सर पेढे वाटायला बाहेर गेले तेव्हा तिनं अपेक्षाला सगळं सांगितलं. कपडा, टाचणी, चौसष्ट, बहात्तर. अपेक्षानं नीट ऐकलं. बाई हुशार होती, एकदाही पुन्हा विचारलं नाही.

"म्हणजे म्याडम, ह्या नव्या पानावर भोक पडत नाय."

"नाही."

"आन् भोक नाय पडलं तर पेपर?"

"तो कोण छापणार? काहीच घडत नाही, असा पेपर."

अपेक्षानं दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. पदरानं तोंडावरचा घाम पुसला. "माझ्या कॉलेजात जागा निघाल्यात," ती म्हणाली. "तीन वर्षांत डिग्री नाय झाली तर मी आयुष्यभर तासावरच. मला चालणारी फाईल द्या, म्याडम. बरोबरवाली तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

तिनं कुंकवाचं पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं. नवं तसंच राहिलं.

"शहाणं माणूस हाय," सर आत येत म्हणाले, काय झालं ते न विचारता. "गजाला, सर्व्हर मोकळा करून दे हिला. तुझं झालं ना आता."

गजाला खुर्चीवर बसली. तिचा डबा चालू होता, सहावा दिवस, पडदा चौसष्टला येऊन मंद हलत होता. पहिल्यांदाच एखादा पडदा तिच्या समोर खरा होता. तिनं काम थांबवायची आज्ञा टाइप केली. यंत्रानं विचारलं, नक्की? तिनं हो म्हटलं.

कोपऱ्यातली घरघर मंदावली. खोलीत एवढी शांतता तिनं सहा वर्षांत ऐकली नव्हती. मग अपेक्षानं शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून फाईलीत आपल्या रेणूचं नाव घातलं, बाकी अक्षर न हलवता, आणि पंखे पुन्हा जोरात फिरायला लागले.

"पेढा घे," सर म्हणाले.

तिनं घेतला.