दोन कॅमेरे आणि एक हात

माझ्या नवऱ्याला, शरणबसवला, चप्पल घ्यायची झाली तरी तीन दुकानं पालथी घालावी लागतात. माझं तसं नाही. आवडलं की उचलायचं आणि घर गाठायचं. म्हणून गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळा आटोपून माणसं परतत असताना, नवी पेठेतल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानासमोर हा थांबला तेव्हाच मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

पण कॅमेऱ्याचा हट्ट माझाच होता, हेही खरं. पावसाळ्यात माझा मोबाइल पाण्याच्या टाकीत पडला आणि आमच्या गुरूचं सगळं वर्ष त्यात बुडालं. बालवाडीचा पहिला दिवस, पहिली सायकल, सगळं गेलं. तेव्हाच मी ठरवलं, की फक्त फोटो काढणारं एक साधं यंत्र घरात हवं. पोराचं काही हरवायला नको.

दुकानदार यशपालने काउंटरवर दोन छोटे कॅमेरे मांडले. एक चंदेरी, चकचकीत, लांबचं पार जवळ आणणारा. दुसरा काळा, कडा घासलेला, झूम बेताचा. मी चंदेरी उचलला. शरणबसव काळ्यावर अडून बसला.

"ह्येचं भिंग लई चांगलं हाय."

"भिंग काय चाटायचंय? झूम बघा की."

"वहिनी, भांडू नका," यशपाल हसत म्हणाला. "पायरीवर उभ्या ऱ्हावा. मी हितनं दोन्हीनं एकेक फोटो काढतो. बघा आन मग ठरवा."

मी रस्त्याकडे पाठ करून पायरीवर उभी राहिले. पदर सारखा करायला गुरूचा हात सोडला, मग न बघताच खाली हात नेऊन पुन्हा धरला. बोटांना बाराबंदीची बाही लागली, इवलासा तळवा लागला. पाठीमागून 'हर्र बोला हर्र'चा गजर चालला होता. यशपालने आधी चंदेरीने फोटो काढला, मग काळ्याने. मी दोन्ही वेळा छान हसले.

आत येऊन आमचं भांडण पुढे सुरू झालं. शरणबसव बॅटरी काढून बघत होता, मी त्याला टोमणे मारत होते. एवढ्यात माझा हात ओढला गेला.

"काय रे गुरू, तहान लागली?" म्हणून मी खाली बघितलं.

पोराने मान वर केली. तो गुरू नव्हता.

तेवढीच उंची, तीच पांढरी बाराबंदी, कपाळाला तशीच विभूती. पण डोळे दुसरे, नाक दुसरं. "आवं, हा आपला न्हाय," मी म्हणाले.

शरणबसव बॅटरी टाकून रस्त्यावर धावला. मी पायरीवर आले. समोर सगळा रस्ता पांढरा होता. सगळ्यांच्या अंगात बाराबंदी, बापांच्या आणि पोरांच्याही. ज्या पोराला हाक मारावी त्याची पाठ गुरूची वाटायची, आणि वळला की कुणाचा तरी दुसराच निघायचा. मोबाइलवर फिरणारे पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज मी नेहमी हसून पुढे ढकलत आले होते. आता त्यातला शब्द न् शब्द खरा वाटत होता. माझ्या हातातलं पोर भोकाड पसरून रडत होतं आणि नाव विचारलं तर सांगत नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला. तरी त्याचा हात मी सोडला नाही. सोडला तर गुरू कायमचा गेला, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

शरणबसव घामाघूम होऊन परत आला. "कुठंच न्हाय," म्हणाला.

"थांबा," यशपाल म्हणाला. "फोटोत मागचा रस्ता आलाय."

त्याने आधी माझा लाडका चंदेरी उघडला. फोटोत मी होते, आणि माझ्यामागे उतू गेलेल्या दुधासारखा नुसता पांढरा रंग. जवळ आणलं तसं आणखी पांढरं झालं. कोण माणूस, कोण पोर, काही कळेना. मग त्याने काळा उघडून माझ्या हातात दिला. त्यात बाराबंदीच्या गाठीसुद्धा दिसत होत्या. माझ्या खांद्यामागे काळा चष्मा लावलेला एक म्हातारा चालला होता, आणि त्याच्या मुठीत गुरूचा हात होता. गुरूचं तोंड आमच्याकडे वळलेलं होतं.

"नेला," मी म्हणाले. "माझा गुरू नेला त्यानं." आणि मी खालीच बसले.

खाली बसल्यामुळे कॅमेरा त्या परक्या पोराच्या नजरेसमोर आला. त्याचं रडणं थांबलं. त्याने म्हाताऱ्यावर बोट ठेवलं. "अज्जा."

शरणबसव त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि कानडीत गाव विचारलं, "याव ऊरप्पा निंदु?"

"मंद्रूप."

शरणबसवने माझ्याकडे बघितलं. "दाक्षा, म्हातारा ह्येचा आजा हाय. आपला नातू समजून आपलं पोर घिऊन गेलाय त्यो. डोळ्याचं आपरेशन झालेलं दिसतंय."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मंद्रूपच्या जीपा भरल्या की निघतात, आणि आज तर त्या भरायला वेळ लागणार नव्हता. मी त्या पोराला कडेवर घेतलं आणि पळत सुटले. विजापूर रोडच्या बाजूला जीपा उभ्या होत्या. पहिलीत बघितलं, नव्हता. दुसरीत नव्हता. तिसरी हलली होती. शरणबसव तिच्या पुढ्यात जाऊन आडवा उभा राहिला. ड्रायव्हरने शिवी दिली.

मागच्या सीटवर काळा चष्मा दिसला. मांडीवर गुरू. रडून रडून त्याचं तोंड सुजलं होतं.

"अज्जा!" माझ्या कडेवरचं पोर ओरडलं.

म्हाताऱ्याने आधी मांडीवरच्या पोराचा चेहरा चाचपला, मग माझ्या कडेवरच्याचा.

"तायी, ह्यो लई रडत हुता," तो म्हणाला. "मला कानानंबी कमीच ऐकू येतंय. मला वाटलं, सिद्राम गड्डा सोडून यायला न्हाय म्हनतोय."

मी त्याला खूप बोलणार होते. सगळं जिभेवर आलं होतं. पण मीसुद्धा त्याच्या सिद्रामचा हात धरून दुकानात उभीच होते की, आणि मला तर डोळे धड होते. मी गुरूला ओढून घेतलं आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून रडले.

संध्याकाळी शरणबसव जाऊन काळा कॅमेरा घेऊन आला. या वेळी मी वाद घातला नाही. यशपालने काढलेला तो फोटो त्यात तसाच होता.

"पुसून टाक," शरणबसव म्हणाला.

पुसायचं बटण सापडलं. पण त्याआधी मी फोटो एकदा मोठा करून बघितला. दुकानात मला फक्त गुरूचा चेहरा दिसला होता. आता नीट दिसलं. त्याचं तोंड उघडं होतं. तो मला हाक मारत होता. आणि पुढे मी दुसऱ्याच्या पोराचा हात घट्ट धरून हसत उभी होते.

मी ते बटण दाबलं नाही.