टाकीचा श्वास

दाराबाहेर एकेचाळीस चपला होत्या. म्हणजे एक तर कोणाची तरी चोरीला गेली होती, किंवा एक जण निम्माच बरा व्हायला आला होता.

आत दिवाणखान्यात वीसेक माणसं काचेच्या टाकीकडे बघत गप्प बसली होती. टाकीत खारं पाणी, चार मासे आणि फांद्या फुटलेली जिवंत प्रवाळं. शेजारी मालक उभे. आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट तपासल्या म्हणून सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे पोस्टमनसुद्धा विचार करून यायचा.

बाराच्या ठोक्याला टाकीच्या कोपऱ्यात पांढरा धूर उठला. पाण्यात धूर. तो हळूहळू पसरला आणि विरला. एका शिंप्यानं डोळे पुसले.

"टाकीनं श्वास घेतला," लिफ्टकाका म्हणाले. "शक्ती वरून निघते, खाली उतरते, आणि ज्याचं दार उघडं त्याच मजल्यावर थांबते." जुना धंदा माणसाला सुटत नाही.

मग त्यांनी वाटीत टाकीतलं पाणी काढलं आणि पहिला मान माझ्या आत्याला दिला. मला वाढवलं ते या आत्यानं. तिला रक्तदाब आहे. अकरा वर्षं रोज सकाळी एक गोळी. ती गोळी तिनं तीन आठवड्यांपूर्वी बंद केली होती आणि दिवसातून तीनदा अर्धी वाटी समुद्र प्यायला सुरुवात केली होती. याला आगीत तेल ओतणं म्हणतात. आत्या ते नेमानं आणि नाक दाबून करत होती.

मी तिला कानात सांगितलं की हे पाणी आहे, मासे त्यातच सगळं उरकतात.

"तूही माझ्या मांडीवरच सगळं उरकायचास," ती म्हणाली. "म्हणून टाकला का तुला?"

यावर माझ्याकडे पुरावा होता, कारण चमत्कार मीच बनवला होता.

मी माशांच्या दुकानात कामाला आहे. प्रवाळाला सांगाडा वाढवायला कॅल्शियम लागतं आणि सोडा लागतो, दोन्ही रोज थोडं थोडं. विकतचं यंत्र महाग, म्हणून लिफ्टकाकांना मी स्वस्तात जुळवून दिलं: या दोन्हींच्या दोन बाटल्या, दोन चिमुकले पंप, सलाईनची नळी आणि दोन साधे टायमर. टायमर प्लग लावल्यापासून दर चार तासांनी चालणारे. दोन्ही औषधं एकदम पडली तर पाण्यात खडू तयार होतो, म्हणून दुसरा टायमर मी मुद्दाम दोन तास उशिरा लावला होता. वीज गेली तर काय, हा विचार मात्र मी केला नव्हता. वीज गेली. सकाळी आठला आली, आणि दोन्ही टायमर जुळ्या भावांसारखे एकदम चालू झाले. लिफ्टकाकांनी दुकानात फोन केला होता, धूर येतोय म्हणून. मी म्हटलं, रविवारी बघतो. तो रविवार मी तीन आठवडे पुढे ढकलला.

मी टाकीखालचं कपाट उघडलं. सगळ्यांना बाटल्या दाखवल्या, पंप दाखवले, सगळं सांगितलं. हेही सांगितलं की कॅल्शियम खडू होऊन वाया जातंय, प्रवाळ उपाशी आहे, टोकं पांढरी पडलीत ती त्यामुळे. लिफ्टकाका त्या टोकांना तेज म्हणत होते. मग मी काचेच्या पेल्यात दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं ओतलं. पेला दुधासारखा पांढरा झाला.

सगळे पुढे वाकून पेला बघू लागले. मला वाटलं, जिंकलो.

"याच्याही हातून श्वास निघतोय," शिंपी म्हणाला आणि त्यानं रिकामी वाटी पुढे केली. त्याच्यामागे रांग लागली.

लिफ्टकाकांनी मला स्वयंपाकघरात नेलं. त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, हेच वाईट. "पहिल्या दिवशी मी शेजाऱ्यांना सांगितलं होतं, मशीन बिघडलंय. ते नमस्कार करून गेले. दुसऱ्या दिवशी दहा जण आले. माझ्या घरी, दहा जण."

"आत्याला सांगा, गोळी चालू कर म्हणून. तुमचं ऐकेल."

"सांगितलं. म्हणाली, तुम्ही माझी परीक्षा बघताय."

मी दोन्ही टायमर काढून खिशात घातले. चार वाजता श्वास आला नाही. लिफ्टकाका काही बोलायच्या आधीच आत्यानं सगळ्यांना समजावलं: अश्रद्ध माणूस घरात आहे, कसा येईल? मला बाहेर काढण्यात आलं. जिना उतरताना वरून तिचा आवाज आला, की पोरगा मनानं चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी लोकांनी नवे टायमर आणून बसवले. दोन्ही एकदम लावले.

नवव्या दिवशी आत्या जिन्यात पडली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मेंदूत रक्तस्राव झालाय, उजवी बाजू गेली आणि वाचाही. गोळी कोणी बंद केली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांनी मिळून. दवाखान्यात भेटीच्या वेळी शिंपी बाटलीतून टाकीचं पाणी घेऊन आला. आत्यानं डावा हात पुढे केला. मी बाटली मोरीत ओतली, तेव्हा ती माझ्याकडे जशी बघत होती तसं तिनं यापूर्वी कधीच बघितलं नव्हतं.

म्हणून वाचकांना एवढंच सांगतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणाच्या सांगण्यावरून सोडू नका, चार मासे पोहतात त्या पाण्याच्या भरवशावर तर नाहीच. चमत्कार दिसला की खालचं कपाट उघडून बघा. आणि जे दिसेल ते मान्य करा. कपाट मी उघडलं होतं. वीस जणांनी आत बघितलं होतं.