काचेवरचं चंदन

मी एक प्रोजेक्टर. दाखवणं हे माझं काम, बोलणं नव्हे, आणि इतकी वर्षं मी ते मुकाट्याने केलं. पण गेल्या आश्विनात बोलायची खरी वेळ आली तेव्हा मला तोंड नव्हतं. त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाचे जे दिवस वाया गेले, ते मला खात बसलेत. म्हणून आज बोलून टाकतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण कुंभकोणमच्या एका शिकवणी वर्गाची. तिथे सहा वर्षं मी रसायनशास्त्राची सूत्रं भिंतीवर टाकली आणि माझ्या अंधाराचा फायदा घेऊन मागच्या बाकावरची मुलं झोपा काढत. मग त्यांनी भिंतीएवढा टीव्ही आणला आणि माझी रवानगी बालाच्या दुकानात झाली. मोठ्या बसस्टँडजवळ जुन्या यंत्रांचं दुकान आहे त्याचं. फळीवर धूळ खात मी वर्षभर पडून होतो.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, एका सकाळी सतीशकुमार आला. ट्रॅव्हल कंपनीत काम करणारा, चाळिशीचा, घाईतला माणूस. बालाने सवयीप्रमाणे लग्नाचं रंगीबेरंगी चित्रीकरण लावून दाखवलं. सतीशकुमार म्हणाला, "रंग नकोत मला. पांढऱ्यावर काळी अक्षरं वाचायची आहेत. हाताएवढी मोठी."

बाला लगेच सावरून बसला. खोलीत उजेड किती? भिंत किती लांब? वाचणारा कोण? सतीशकुमारने सांगितलं, "माझे अप्पा. डोळ्यामागची नस वाळत चाललीय. डॉक्टर म्हणाले, सहा महिने, फार तर आठ."

मग बालाने नवी कोरी दोन यंत्रं बाजूला सारली आणि मला खाली काढलं. म्हणाला, "दिसायला जुना आहे, पण उजेड दणकट आणि अक्षराच्या कडा धारदार. बल्बचं अर्धं आयुष्य संपलंय, ते लपवत नाही." असा मी निवडला गेलो. खरं सांगू, मला फार अभिमान वाटला.

घर तंजावरकडच्या मराठ्यांचं. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, दाराबाहेर तमिळ आणि दाराआत त्यांची जुनी मराठी. सतीशकुमारचे वडील तुकोजी, वय शहात्तर. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, एका डोळ्याला भिंग लावून. सतीशकुमारची बायको सुष्मिता त्यांना मामा म्हणायची. इकडे सासऱ्याला मामाच म्हणतात.

मला पहिल्या दिवशी त्यांनी बुटक्या स्टुलावर ठेवून नाक वर केलं. चित्र खाली निमुळतं आणि वर पसरट झालं, अक्षरं कलली. दुसऱ्या दिवशी बाला स्वतः येऊन ओरडला, की तिरका ठेवू नका, उंच ठेवा आणि भिंतीला समोरासमोर. मग मी शिवणयंत्रावर चढलो. हिरव्या भिंतीला सतीशकुमारने पांढरा रंग दिला, तोही चकाकी नसलेला. खिडकीला सुष्मिताची जाड चादर लागली. एकदा माझ्या आतला पंखा थांबायच्या आत सतीशकुमारने माझं बटण भिंतीतूनच बंद केलं, तेव्हा आतल्या आत मी भाजून निघालो. तुकोजींनी त्याला झापलं. "चालतें यंत्र असें मारूं नयें. गार होऊं दे आधी."

आता वाचायचं काय, ते सांगतो. तिरुनागेश्वरमला तुकोजींची थोरली बहीण वारली, तिच्या ट्रंकेत एक वही सापडली. मोडी लिपीतली, बासष्ट पानांची. तुकोजींच्या आईने लिहिलेली. तिला मोडी तिच्या वडिलांनी शिकवली होती आणि तुकोजींना त्यांच्या वडिलांनी. घरात दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती.

तुकोजी सहा वर्षांचे होते त्या साली कुंभकोणमला महामहम भरलं. बारा वर्षांनी एकदा येणारं स्नान, गावात मुंगीला वाट नाही. त्या गर्दीत तुकोजी हात सोडून पळाले आणि एका बांगडीवाल्याच्या ओट्यावर मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, खात बसले. आई तळ्यात बुडी मारून निघालेली, ती ओल्या लुगड्यानिशी दिवे लागेपर्यंत त्यांना शोधत फिरली. तिला ताप भरला, खोकला झाला आणि महिन्याभरात ती गेली. पुढे कधीतरी भांडणात बहीण बोलून गेली, "तुझ्यापायीं आई गेली." तेव्हापासून तो माणूस हे वाक्य उराशी धरून होता. वहीच्या शेवटी आईने आजारपणात काय लिहिलंय, आपल्यावर रागावली होती की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

सुष्मिता पहिल्याच दिवशी म्हणाली, "मामा, शेवटचें पान आधी लावूं कां?"

"नको गे. पोथी पहिल्या पानापासून वाचायची. मधून उघडायची नाहीं."

सुष्मिताला वाटलं ही त्यांची शिस्त. मी समोरून त्यांचा चेहरा बघत होतो. शिस्त होतीच, पण भीती तिच्याहून मोठी होती.

रोज सकाळी दहाला आमचं वाचन सुरू होई. सुष्मिता वहीच्या पानाचा फोटो फोनमधून मला देई आणि स्वतः दाराशी, उजेडाकडे तोंड करून लिहायला बसे. ती मराठी लिहायची ते तमिळ अक्षरात, तिला तेवढीच येत. मोडी तिला मुंग्यांची रांग वाटे, त्यामुळे भिंतीकडे ती फारसं बघतच नसे. तुकोजी भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून वाचत. अडखळत, मागे जात, एकेका अक्षराशी भांडत. "हा *स* कीं *म*? थांब गे, लिहूं नकोस." आईने ताक किती घुसळलं, कोण पाहुणे आले, तुकोजीला गोवर कसा आला, असलं सगळं. एका पानाला दोन दिवस लागत. नवरात्र आलं तेव्हा चाळीस पानं झाली होती.

आणि मग आयुधपूजा आली. इकडे त्या दिवशी घरातली झाडून सगळी हत्यारं पुसून मांडतात, चंदन-कुंकू लावतात, चुरमुरे-डाळ्यांचा नैवेद्य दाखवतात आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशाला हात लावत नाहीत. शिवणयंत्र, कातरी, विळी, सतीशकुमारची स्कूटर, तुकोजींचं जुनं भिंग आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मी. मला असा मान कधी मिळाला नव्हता. शिकवणी वर्गात माझी पूजा कोण करणार?

सुष्मिता म्हणाली, "द्या मामा, मी लावितें."

"चाळीस वर्षें मीच लाविलें आहे," तुकोजी म्हणाले आणि चंदनाची वाटी घेऊन माझ्यापुढे बसले. पूर्वी ते भिंगाच्या काचेला कधीही बोट लावत नसत, गंध दांड्याला लावत. माझ्याही कपाळावर, काचेच्या वर लावायचं त्यांच्या मनात होतं. बोटाने चाचपत त्यांनी माझी गोल कड शोधली, आणि ओलं बोट घसरून सरळ काचेवर टेकलं. त्यांना कळलं नाही. त्यांनी तिथेच, फार प्रेमाने, ठसठशीत ठिपका दिला. वर सांब्राणीचा, म्हणजे ऊदाचा, धूर घातला.

पुसा, पुसा, असं मी मनात किती ओरडलो.

दसऱ्याच्या सकाळी सुष्मिताने आवराआवर करताना पदराने मला घाईत पुसलं. अंगावरचं कुंकू निघालं. काचेवरचं वाळलेलं चंदन मात्र धुराच्या चिकटाबरोबर पसरलं आणि त्याचा पातळ थर बसला. दहा वाजता एकेचाळिसावं पान लागलं. अक्षरांच्या कडा विरघळल्या होत्या, काळं आणि पांढरं एकमेकांत मिसळून भिंतभर पिवळट धुकं झालं होतं.

तुकोजी पुढे सरकले, मागे आले. डोळे चोळले. सहा महिन्यांची मुदत त्यांच्या डोक्यात होतीच, त्यांनी तिचा अर्थ लावून घेतला. माझी काच मळलीय हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

"वाचा ना, मामा," सुष्मिता पाठमोरी म्हणाली.

आणि ते वाचायला लागले. भराभर, न अडखळता. आईने तुकोजीला नवा सदरा शिवला, आईने गोड कोळुक्कट्टे, म्हणजे उकडीचे मोदक, केले, आई तुकोजीला कडेवर घेऊन सारंगपाणीच्या देवळाच्या रथयात्रेला गेली. भिंतीवर सहा ओळी होत्या आणि त्यांनी वीस सांगितल्या. सुष्मिता लिहीत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. "पान बदल," म्हणायचे आणि बदललेल्या धुक्याकडे बघत आईचं मनानेच रचायचे. पुढे शेवटचं पान जवळ येऊ नये म्हणून बहाणे काढून आठवड्यातून दोनदाच बसायला लागले.

अहो, डोळे तुमचे नाही गेले, माझा गेलाय, हे मी कुणाला सांगू? मी जास्त तापून पाहिलं, पंखा घरघरवून पाहिला. सुष्मिता उठून माझ्याकडे येई, मला आशा वाटे, आणि ती जाळीवरची धूळ फुंकून परत जाऊन बसे. असे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत तुकोजी अजून घरभर विनाकाठीचे फिरत होते, दाराशी कोण आलं ते ओळखत होते. त्यांना दिसत होतं हो. माझी काच पुसली असती तर ती वही तेव्हाच संपली असती.

मार्गळी महिन्यात, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात, माझी घरघर ऐकून सतीशकुमारने बालाला बोलावलं. बालाने माझ्या तोंडाकडे बॅटरी धरली आणि कपाळावर हात मारला. "काचेला चंदन कुणी फासलं?" त्याने मऊ फडकं ओलं करून हलक्या हाताने पुसलं, मला लावलं. भिंतीवर आईचं अक्षर लखलखीत उभं राहिलं. सुष्मिता प्रथमच भिंतीकडे नीट बघत होती. आधीचं धुकं आणि आताचं अक्षर यातला फरक तिला कळला, आणि त्याबरोबर आणखीही काही कळलं असावं, कारण तिचा रंग उतरला. ती आतून तुकोजींना हाताला धरून घेऊन आली. मार्गळी लागल्यापासून त्यांची नजर खरोखरच गेली होती, ते हाताला धरूनच चालत.

"मामा, बघा. किती स्पष्ट आहे."

तुकोजींनी भिंतीकडे तोंड केलं. माझा सगळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून परतत होता.

"यंत्र लाव ना गे," ते म्हणाले.

"लाविलें आहे, मामा."

ते खाली बसले. मी आयुष्यभर सूत्रं आणि अक्षरंच दाखवलीत, माणसाचं रडणं तेव्हाच पाहिलं. "तीं चवदा पानें फाडून टाक," ते म्हणाले. "मीं रचिलीं तीं. मज दिसत नव्हतें."

"तर मज सांगायचें होतें ना, मामा."

तिने ती पानं फाडली नाहीत. चार दिवस मला कुणी लावलं नाही. पाचव्या दिवशी तिने त्यांना भिंतीशी उभं केलं, पण समोर नव्हे, कडेला, सावली पडू नये म्हणून. त्यांचं बोट आपल्या हातात धरलं आणि भिंतीवरच्या अक्षरावरून फिरवलं. वरून खाली, मग गाठ, मग आडवी ओढ. हाताला लहानपणची मोडी आठवत होती. "*त*," तुकोजी म्हणाले. पुन्हा फिरवायला लावलं. "*तु*."

ते शेवटचं पान होतं. या वेळी तिने विचारलं नव्हतं आणि त्यांनीही अडवलं नाही. दिवसाला दोन-तीन अक्षरं होत. चुकत, परत फिरत, हात भरून येत. संक्रांत उलटली तेव्हा त्या पानावर होतं तेवढं सगळं वाचून झालं. तुकोजींनी ते सलग म्हटलं.

"तुकोजीस कोणी बोलूं नयें. खोकला मज दिवाळीपासून होता, मीं सांगितला नाहीं."

महामहम माघातलं. दिवाळी त्याच्या तीन महिने आधीची. तुकोजींनी तळहात भिंतीवर टेकला आणि तसेच राहिले. आईची अक्षरं त्यांच्या हाताच्या पाठीवर पडली होती. "बंद करूं नकोस," ते म्हणाले. सुष्मिताने जेवणवेळ टळेपर्यंत मला चालू ठेवलं.

आता त्यांना एकेचाळिसाव्या पानापासून सगळं हवंय. रोज सकाळी बोट भिंतीवर फिरतं आणि रोज थोडं पुढे जातं. पण माझ्या माथ्यावर आठवड्यापासून लाल दिवा लागलाय. बल्ब संपत आला. तो आता कुठे बनत नाही. बाला चेन्नईला विचारतोय, नाही मिळाला तर दुसरं यंत्र येईल. ते येईल तेव्हा येईल. तोवर माझ्यात उजेड किती आहे मला ठाऊक नाही, आणि शहात्तर वर्षांच्या माणसाच्या किती सकाळी उरल्यात तेही नाही.

तो लाल दिवा तुकोजींना दिसत नाही. सुष्मिताने पाहिलाय. परवा तिने त्याच्यावर कुंकवाची टिकली चिकटवली, सतीशकुमारलाही दिसू नये म्हणून.

सुष्मिता, माझं ऐक. या घरात आईने खोकला सांगितला नाही, मुलाने डोळे सांगितले नाहीत आणि मला सांगता आलं नाही. ती टिकली काढ आणि मामांना सांग, की उजेड थोडा उरलाय, कुठलं पान आधी वाचायचं ते तुम्ही ठरवा. उद्या दहाला मला लावशील तेव्हा, बोट भिंतीला लावायच्या आधी, सांग गे बाई.