धाकटी परत आली

रावजींना कुठलीही वस्तू चटकन घेता येत नसे. साधा कुकर घ्यायचा तरी सगळा मेन रोड पालथा घालणार आणि शेवटी पहिल्याच दुकानातला आणणार. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात सगळी नोकरी तपासणीत गेलेली. निवृत्त झाले म्हणून सवय सुटते थोडीच!

बायको, उज्ज्वलाबाई, अंथरुणाला खिळल्या, तेव्हा रावजींनी टीव्ही ट्यूनर कार्डाचं मनावर घेतलं. औषधाच्या गुंगीत बायकोची संध्याकाळची मालिका बुडायची, आणि त्या वर्षांत मालिका मोबाईलवर दिसत नसत. कॉम्प्युटरला कार्ड बसवायचं, गच्चीवरच्या डिशची वायर त्याला जोडायची, की मालिका आपोआप रेकॉर्ड. जाग येईल तेव्हा तिनं बघावी. बेत झकास होता. पण कार्ड कुठलं? आत बसणारं की बाहेरून लावायचं? एका वेळी एक चॅनेल घेणारं की दोन? रावजी दिवसदिवस आतल्या खोलीत तुलना करत बसले.

"अहो, कशाला तो खटाटोप?" बाहेरच्या कॉटवरून बाई म्हणायच्या. "तुम्हीच बघा आणि मला सांगा. मी नाही का सांगायचे?"

सांगायच्या खऱ्या. रावजींची दुसरी पाळी असली की चुकलेली मालिका त्या जेवताना ऐकवत, सासूचा आवाज काढून, हातवारे करून. ताटातली भाजी गार होऊन जायची.

"मला नाही जमत ते. थांब थोडे दिवस, रेकॉर्डिंगच दाखवतो."

बाईंकडे दिवस कुठे होते? डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंही होतं. रावजींनी ते ऐकलं आणि घरी येऊन आणखी एका कार्डाची माहिती काढली.

अखेर एमजी रोडवरच्या कॉम्प्युटरवाल्या ललितकडून भारीतलं कार्ड आलं. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सची वायर काढून रावजींनी कॉम्प्युटरला जोडली. फुकटातले चॅनेल भराभर दिसू लागले. बाईंचा चॅनेल काही येईना. त्यांनी ललितला फोन लावला.

"काका, तो पैसे भरून बघायचा चॅनेल. तो कंपनीच्या बॉक्समध्येच उघडतो, या कार्डावर नाही. आधी विचारायचं ना!"

सगळं विचारलं होतं, नेमकं एवढंच राहिलं. वायर परत बॉक्सला लावायला गेले तर घाईत तिचं टोकच तुटलं. डिशवाला म्हणाला, उद्या येतो. टीव्ही बंद, आणि त्याच संध्याकाळी बाई टक्क जाग्या.

"नाही ना लागत? राहू दे. काल काय झालं तेवढं सांगा."

काल रावजी आतल्या खोलीत होते. रोजच असत. स्टूल ओढून ते कॉटजवळ बसले, बायकोचा हात हातात घेतला आणि सुचेल ते सांगू लागले. धाकटी सून माहेराहून परत आली, दारात उभी राहिली...

बाई हसल्या. "अहो, धाकटी तर दिवाळीतच देवाघरी गेली."

रावजी ओशाळले.

"असू द्या. आली ना परत? मग?"

मग रावजींनी धाकटीला घरात घेतलं. चहा पाजला. सासूचा आवाज काढून पाहिला, तो अगदीच फसला, तरी काढला. बाई मधूनमधून 'मग?' म्हणत होत्या, दर वेळी जरा हळू. एकदा रावजी थांबले, पण 'मग?' आलं नाही. हातातला हात सैल पडला होता.

रावजींना कळलं. तरी त्यांनी धाकटीला पान वाढलं, आणि पुढे सांगत राहिले.