पालखीचा उजवा खांदा

मानवतहून वालूरला येणाऱ्या एसटीसमोर म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि कल्याणरावांच्या मांडीवरची पिशवी पुढच्या सीटच्या दांडीवर आपटली. आत काहीतरी कचकन फुटलं. कल्याणरावांनी पिशवी पोटाशी गच्च दाबून धरली, ही त्यांची दुसरी चूक. पहिली चूक म्हणजे ते मन्मथअप्पांच्या शेजारी बसले होते.

"काय फुटलं हो, कल्याणअप्पा?"

"कुटं काय. मुरमुरे हायेत."

पिशवीच्या कोपऱ्यातून पिवळं, चिकट काहीतरी निघालं आणि मन्मथअप्पांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर गळू लागलं. मन्मथअप्पांनी ते बोटाने पुसलं, बोट नाकाशी नेलं आणि हात खिडकीबाहेर धरला.

"मुरमुऱ्याला बलक कवापासून यायलाय?" त्यांनी विचारलं.

मन्मथअप्पांनी तो हात वालूर येईपर्यंत आत घेतला नाही.

मन्मथअप्पा गावातल्या महादेवाच्या देवळाचे पंच होते. आणि कल्याणराव म्हणजे घरी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस. त्यांच्या किराणा दुकानात साबणापासून सुतळीपर्यंत सगळं मिळायचं, फक्त अंडी मिळायची नाहीत. नवीन गिऱ्हाईक विचारायचं आणि बोलणी खाऊन जायचं. देवळावरून जाताना एका हातात मोबाईल धरून दुसरा हात नुसता छातीला लावून नमस्कार करणाऱ्या पोरांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. "देवाला टाटा करायलाय का रं? दोन हात कामून दिलेत?" असं गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. महाशिवरात्रीच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा त्यांच्या घराकडे होता. आजोबांनी दिला, वडिलांनी दिला, आता ते देत होते. गावात त्यांच्याकडे दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांना नकोही होतं.

अशा माणसाच्या पिशवीत अंडी आली ती मक्यामुळे.

मक्याचं खरं नाव मॅक्स. जात जर्मन शेफर्ड, गावाच्या भाषेत पोलिसी कुत्रं. मल्लेशने, म्हणजे कल्याणरावांच्या मुलाने, ते पुण्यात हौसेने घेतलं. मग त्याची बायको धनश्री बाळंत झाली, फ्लॅट अपुरा पडायला लागला आणि मल्लेश "दोन महिने सांभाळा" म्हणून ते वालूरला सोडून गेला. लेकाचे दोन महिने कसे असतात ते आईबापांना सांगायला नको. बसम्माने, कल्याणरावांच्या बायकोने, पहिल्याच दिवशी मॅक्सचा मक्या केला आणि कल्याणरावांनी त्याला घरामागच्या कडुलिंबाच्या झाडाला बांधलं.

बांधलेलं कुत्रं काही दिवसांत आत कसं आलं, हे कुणाला नीट सांगता येत नाही. एवढं खरं, की त्या कुत्र्याला माणसं विखुरलेली खपायची नाहीत. बसम्मा स्वयंपाकघरात आणि कल्याणराव दुकानात असले की मक्या या दारातून त्या दारात नुसता येरझाऱ्या घालायचा. बसम्माचा पदर तोंडात धरून तिला दुकानाकडे ओढायचा. संध्याकाळी दुकानापुढे गिऱ्हाईकं जमली की त्यांच्याभोवती चकरा मारून, नाकाने ढोसून, सगळ्यांना पायरीशी एकत्र करायचा. शेजारच्या सितारामच्या शेळ्या एकदा रस्त्यावर पांगल्या, तर मक्याने त्या वळून आणून दुकानात कोंबल्या. गुळाची ढेप गेली, पण सिताराम आठवडाभर ती गोष्ट सांगत होता. शेवटी कल्याणरावांनी आपली गादी सरकवून मधल्या दाराजवळ घेतली. तिथून नवराबायको एकमेकांना दिसायचे आणि मक्या दोघांच्या मधे, उंबऱ्यावर, आडवा पडून झोपायचा. इतक्या वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी ती दोघं एकमेकांच्या इतकी नजरेसमोर कधी नव्हती.

कामही कमी नव्हतं. मक्याचे केस भाकरीच्या पिठापर्यंत पोचायचे. रोज घमेलंभर केस विंचरून काढायचे, कानामागचे गोचीड वेचायचे, उन्हाळ्यात ओलं गोणपाट अंगावर टाकायचं. बसम्मा कुरकुरायची आणि करायची.

पण मक्या सुकत चालला होता. फासळ्या दिसायला लागल्या. उठताना मागचे पाय थरथरायचे. एकदा दुकानाच्या पायरीवरच बसकण मारली आणि त्याला उठता येईना. कल्याणरावांनी सितारामचा टेम्पो घेऊन त्याला सेलूला गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काय घालता खायला?"

"जे आमी खातो तेच. ताक, भाकरी, वरण."

"अप्पा, ही जात मूळची मेंढरं राखणारी. ताकभाकरीवर ह्याची हाडं कशी धरतील?"

"आमी चार पिढ्या ताकभाकरीवरच हावोत, बाई."

"तुम्ही मेंढरं राखत नाही," बाई म्हणाल्या. "मटण नको, तर निदान रोज उकडलेली अंडी द्या. नाहीतर हे कुत्रं जागेवर बसेल."

कल्याणरावांनी आधी सोयाबीन देऊन पाहिलं, हरभरे दिले, पनीर दिलं. मक्याला जुलाब लागले. मग एका सकाळी पूजा आटोपून ते पिशवी घेऊन मानवतच्या गाडीत चढले. वालूरच्या चौकात अंड्यांचे ट्रे रचलेले असायचे, पण तिथून त्यांनी अंडी घेतली असती तर गाव लोटलं असतं. मानवतला कोण ओळखतं, असं त्यांना वाटलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. इथे तर अंडीच झाकली होती, आणि तीही मुरमुऱ्यात.

सगळ्यांतून वाचलेली थोडी अंडी त्यांनी मागच्या लिंबाखाली तीन दगडांवर, रिकाम्या डालड्याच्या डब्यात उकडली. बसम्मा तोंडाला पदर लावून लांब उभी होती. कल्याणरावांना अंडं सोलता येईना. कवचाबरोबर निम्मं पांढरंही निघून यायला लागलं.

"थंड पान्यात टाका आधी," बसम्मा म्हणाली.

"तुला काय म्हाईत?"

"सितारामची बायको करती ते दिसतंय की भिताडावरून."

मक्याने दोन अंडी खाल्ली आणि डबाही चाटला. मग कल्याणराव आंघोळीला गेले. दिवसातली दुसरी आंघोळ, पुढे रोजचीच झाली.

गावात मात्र बातमी वेगळीच पिकली. कल्याणअप्पा अंडी खायला लागले, डॉक्टरने सांगितलंय म्हणे, अशक्तपणा आहे म्हणे. कुत्र्यासाठी आहेत म्हटलं, तर लोक जास्तच हसायचे. "आता दुकानात बी ठेवा की, अप्पा," पोरं म्हणायची. ज्यांना त्यांनी टाटावरून झापलं होतं तीच पोरं. कल्याणराव सुतळी मोजत राहायचे. त्यांना वाईट वाटत होतं, चांगलंच वाईट वाटत होतं.

महाशिवरात्र जवळ आली तसे मन्मथअप्पा दुकानात आले. चहा घेतला नाही.

"कल्याणअप्पा, तुमी खात न्हाईत हे मला पटतंय. पन घरी अंडं शिजतंय का न्हाई?"

"घरात न्हाई. मागं, लिंबाखाली."

"लिंब कुनाचाय?"

कल्याणरावांनी सुतळी गुंडाळायला घेतली.

"लोक मला इचारायलेत. त्या घरचा खांदा पालखीला कसा चालतो म्हनून. मी काय सांगू?" मन्मथअप्पांचा आवाज खाली आला. "तुमच्या वडलाच्या मागं चालत मी पालखी शिकलो. मला काय हौस हाय का? जिंतूरच्या रस्त्याला एक पोल्ट्रीवाला हाय. त्याला राखनीला असंच कुत्रं पायजे. बांधून ठेवंल, पन अंड्याला तोटा न्हाई. तुमच्या जिवाचा घोर बी जाईल. बघा इचार करून."

त्यात चुकीचं काही नव्हतं, हेच वाईट होतं. मल्लेशला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, चांगलं स्थळ आहे, देऊन टाका." जशी मुलगीच उजवायची होती.

दुसऱ्या दिवशी पोल्ट्रीवाला मोटारसायकलवर येऊन गेला. चांगला माणूस होता. त्याने साखळी बरोबर आणली होती. मक्या उंबऱ्यावरून उठला. आता उठताना पाय थरथरत नव्हते. त्याने पाहुण्याभोवती एक चक्कर मारली आणि नाकाने ढोसून त्याला कल्याणरावांच्या गादीजवळ आणून उभं केलं. मग आत गेला, बसम्माचा पदर धरला आणि तिलाही बाहेर आणलं. तिघं एके ठिकाणी झाल्यावर तो पदर तोंडात तसाच धरून खाली बसला आणि सगळ्यांकडे पाहू लागला.

"लय हुशार हाय," पाहुणा म्हणाला. "माझ्याकडं कोंबड्या सोडून कोनी नसतंय, पन."

कल्याणरावांनी बसम्माकडे पाहिलं. तिने पदर सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी कल्याणराव स्वतः मन्मथअप्पांच्या घरी गेले. दारातूनच म्हणाले, "पालखीला खांदा द्यायला गाव हाय, अप्पा. मक्याला आमी दोघंच हावोत." आणि पुढचं काही ऐकायला नको म्हणून लगेच वळले. वाटेत चौकातल्या गाड्यावर थांबले आणि सगळ्यांसमोर अंडी घेतली.

महाशिवरात्रीला पालखी नेहमीप्रमाणे दुपारी गल्लीत शिरली. कल्याणराव धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून ओट्यावर उभे होते. बसम्मा आरतीचं ताट घेऊन पायरीवर आली. ढोल, झांजा, गर्दी, इकडेतिकडे पळणारी पोरं. एवढी पांगलेली माणसं मक्याने जन्मात पाहिली नव्हती. तो उसळ्या मारायला लागला. गर्दीत घुसला असता तर म्हातारीकोतारी पडली असती. कल्याणरावांनी डावा हात त्याच्या पट्ट्यात घालून मूठ वळली आणि पाय रोवून उभे राहिले.

पालखी दारासमोर थांबली. पुढच्या उजव्या खांद्यावर मन्मथअप्पांचा पुतण्या होता. त्याची उंची कमी असल्यामुळे पालखी त्या बाजूला जराशी कलली होती. कल्याणरावांचा उजवा खांदा आपोआप वर उचलला गेला. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी तो हळूच खाली घेतला.

बसम्माने ओवाळलं. ढोल पुन्हा वाजायला लागला. मक्याने जोराचा हिसका दिला, पण मूठ सुटली नाही. मन्मथअप्पा गर्दीतून कल्याणरावांच्याच हाताकडे पाहत होते, आणि ज्यांना झापलं होतं ती पोरंही पाहत होती.

कल्याणरावांनी उजवा हात छातीशी नेला, मान खाली घातली आणि एकाच हाताने नमस्कार केला.