दुपारी मंदावणारा कॅमेरा

आमच्या श्रीधर सरांचं सोवळं म्हणजे काय सांगू! सायली गावातल्या आमच्या कारखान्यात उपग्रहावर जाणारा अतिनील कॅमेरा जुळवायचा, म्हणून स्वच्छ खोलीत पावडर बंद, गजरा बंद, केसांना तेल बंद. बरोबरच होतं म्हणा. तेलाची एवढीशी वाफ आरशावर बसली, तर आपल्या डोळ्यांना आरसा लख्ख दिसतो आणि कॅमेरा मात्र आंधळा होतो. पृथ्वीभोवती हायड्रोजनचा विरळ ढग आहे, तो अतिनील प्रकाशात मंद चमकतो. तोच आम्हाला टिपायचा होता.

तर हा कॅमेरा दुपारी मंदावायला लागला. तो निर्वात पेटीत ठेवायचा, त्याचा संवेदक थंडगार करायचा, ठरावीक दिवा लावायचा आणि कॅमेरा उजेड किती मोजतोय ते बघायचं. सकाळी आकडा झकास, दुपारपर्यंत घसरलेला. गरम करून ठेवला की दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणठणीत! मला दुसरं काही सुचेना. असं येणारं-जाणारं आहे तरी काय?

सरांचं उत्तर तयार होतं. "नवनाथ. डोक्याला तेल लावून येतो."

नवनाथ आमचा फिटर, धुळ्याकडचा. "आईची आन साहेब, नाही लावत," तो म्हणाला. सरांनी ऐकलं नाही, सोमवारपासून येऊ नकोस म्हणाले. जवळच आमलीत त्याचं बिऱ्हाड, हा एकटा कमावणारा. माझं डोकंच फिरलं.

सोमवारी नवनाथ नव्हता. आकडा तरीही घसरला.

"बघा!" मी म्हणाले. "आणि सर, तेल असं आपणहून निघून जातं होय? ते चिकटलं की चिकटलं. हे थंडीत बसतंय आणि ऊब मिळाली की उडतंय."

मी पेटी उघडून आतली एकेक वस्तू बाहेर काढली. शेवटी निघालं काळं कापड, भटका उजेड अडवायला आत लावतो ते. ते बाहेरच्या खोलीत नेलं, मास्क काढला आणि हुंगलं. अगंबाई, डांबरगोळ्या! त्यांचीच वाफ थंड संवेदकावर बसत होती. आत आम्ही सगळे कायम मास्कमध्ये, वास येणार कुणाला?

"सर, हे कापड कुठे ठेवता?"

"घरी. इथे कसर लागते ना. सुट्टीला मी स्वतः डोकमर्डीला नेतो, बायकोच्या शालूंच्या कपाटात…" सरांनी कापड माझ्या हातातून घेऊन स्वतः हुंगलं.

दुसऱ्या दिवशी भट्टीत तापवून काढलेलं नवं कापड लावलं. संध्याकाळपर्यंत आकडा जागचा हलला नाही. हसावं की चिडावं? खरं सांगते, चीडच जास्त आली.

सर तसेच उठले आणि मला घेऊन आमलीला गेले. नवनाथ दारातच होता.

"चूक माझी होती," सर म्हणाले. "तुझ्यावर उगाच आळ घेतला. उद्यापासून ये."

नवनाथने लगेच मान हलवली नाही. "येईन साहेब. पन एक सांगा. इतके दिवस मी त्याचे स्क्रू आवळले. त्याच्यातून दिसनार काय, हे मला कोनी सांगितलंच नाही. त्या दिवशी कामावरून निघालो, तर तेच मनात होतं. नोकरी दुसरी भेटली असती."

सरांनी चपला काढल्या, आत जाऊन फरशीवर मांडी घातली. "बस," ते म्हणाले. "पृथ्वीपासून सांगतो."

नवनाथ बसला नाही. आत वळून त्याने बायकोला हाक मारली.

"दुर्गा, गॅस बंद कर, इकडे ये. मी काय बनवतो ते साहेब सांगताहेत."